काचेच्या हंडीतला डोंगर

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी आम्हा दोघींना उंदराची आठ पिल्लं मिळाली. सुरतेत डोंगर कुठला? म्हणून चार पिल्लं रोज काही तास काचेच्या हंडीखाली ठेवून पंपाने हवा काढायची. उंचावरच्यासारखा प्राणवायू कमी पडला की वाढत्या पिल्लांची फुप्फुसं अंगाच्या मानाने मोठी होतात. ते वजन करून दाखवायचं होतं. बाकीची चार साध्या हवेत.

तीन आठवड्यांनी आठही कापली. क्लोरोफॉर्म, ओला भुसा आणि मुताचा वास ओढणीत बसला. बुळबुळीत फुप्फुसं चिमट्यातून निसटत होती. मी दोनदा बाहेर जाऊन ओकले. आणि वजनं निघाली सारखीच.

हंडी धुताना खालच्या रबरी कड्याला चीर दिसली. वडील पांडेसऱ्याच्या कापड मिलमधून आणत त्या चिंधीने ते कडं मीच रोज पुसायची, तरी चीर ध्यानात आली नव्हती. हवा आत येतच होती. डोंगर झालाच नव्हता.

"लखी नाख ने," माझ्या सुरती जोडीदारणीने गेल्या वर्षीची फाईल पुढे सरकवली. "यातून उतरव. कोण जोवानुं छे? कोण बघायला बसलंय?"

सरांच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. तरी सरांकडे गेले.

"सर, रबर चिरलेलं होतं. तसंच लिहू का?"

"त्याला निष्कर्ष म्हणतात का, बेन? खरंच हवं असेल तर पिंजऱ्यात परवा व्यालेली मादी आहे. नवं रबर लाव, पुन्हा आठ काप. नाहीतर गेल्या वर्षीची फाईल आहेच."

पिंजऱ्यात गुलाबी, डोळे मिटलेले गोळे वळवळत होते. मला त्यांचीच शिसारी आली. मग स्वतःची.

मी जुने आकडे थोडे फिरवून उतरवले. पिल्लं वाचावीत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. सरांनी पान न उलटता सही केली.

चार दिवसांनी पिंजरा रिकामा दिसला. प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांना विचारलं.

"ती पिल्लं? दुसऱ्या जोडीने नेली ना. ठेवलीत तुमच्याच हंडीखाली."

रबर बदललं का, हे मी विचारलं नाही. चीर दाखवली असती, तर माझी फाईलही उघडली गेली असती. पलीकडच्या खोलीत पंप चालू होता. मी परीक्षेचा फॉर्म भरायला गेले.