निरोपाची घड्याळं

आमचे मामा तेलविहिरीवर पंप चालवायचे. विहीर म्हातारी, तेल नावाला, खारं पाणीच फार. परवडेना की कंपनी ती बंद करायची आणि भाषणं ठोकून, भिंतीवरचं घड्याळ देऊन मामांना घरी धाडायची. तेलाचा भाव चढला की तेच साहेब निर्लज्जासारखे दारात हजर. असं तीनदा झालं. मामी करवादायची, "घड्याळांचं दुकानच टाकते आता! मेल्यांची तीन तोंडं तीन दिशांना."

परवा मामा भरदुपारीच घरी आले. मामीने सवयीने हात पुढे केला. "आणा ते घड्याळ."

"नाही दिलं. भाषणही नाही. पंप बंद केला, चावी काढून घेतली."

मामीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"अहो, म्हणजे या वेळी विहीर खरंच गेली."