डोक्यातलं पाणी
शिंप्याच्या हातात टेप दिसली की मला कळव्याच्या इस्पितळातली ती दुपार आठवते. माझ्या तीन महिन्यांच्या मुलाचं डोकं नर्सने टेपने मोजलं, पुन्हा मोजलं आणि डॉक्टरांना बोलावलं. नवरा जहाजावर होता, त्याचा फोन लागत नव्हता. सासूबाई गावाहून फोनवर म्हणाल्या, “ग्रहणात बाहेर पडलेलीस ना, भोग आता.” डॉक्टरीणबाई आल्या, तपासून म्हणाल्या, “हायड्रोकेफॅलस. मूळ ग्रीक शब्द आहे. हायड्रो म्हणजे पाणी. याच्या डोक्यातल्या पाण्याचा निचरा होत नाहीये. ऑपरेशन करून नळी बसवावी लागेल.” मी विचारलं, “माझ्या हातून काही चुकलं का?” त्या खाटेवर टेकल्या. “ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही.” शेजारच्या खाटांभोवती नातेवाईक डबे उघडून बसलेले. हे ज्याला सांगावं असं माझ्याजवळ कोणीच नव्हतं. मग मी बाळाच्या कानाशी वाकून म्हटलं, “ऐकलंस ना रे? आईचं काही चुकलं नाही.” ऑपरेशन नीट झालं. मुलगा आता माझ्याहून उंच झालाय. परतल्यावर नवऱ्याने नळीबद्दल सगळं खोदून खोदून विचारलं. त्या दुपारी मी किती घाबरलेले, हे मात्र घरात अजून कुणीच विचारलेलं नाही.