मुकं लाकूड

लाकूड दिसलं की मास्तर बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि निकाल द्यायचे. "हे बोलतं." नाहीतर, "हे मुकं." मग ते दार असो, बैलगाडीचं जू असो की हॉटेलातलं बाकडं. एकदा शेजारी मयताला गेले, तर तिरडीच्या बांबूवरही टकटक केली. लोकांनी डोळे वटारले. मास्तर हळूच म्हणाले, "बोलतो. पण आता काय उपयोग?"

मी जळगावात सुतारकाम करायचो. शाळा तिसरीत सोडली, पण माझ्या हातच्या दाराला कधी फट पडली नाही, हे ज्यांची दारं आहेत त्यांना विचारा. मास्तर आमच्याच गल्लीतले. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं. तो कोट अंगात असला की मास्तर गल्लीच्या मधून चालायचे, नसला की भिंतीच्या कडेनं. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला नाव असतं, पण कुणी घेत नाही.

हंगाम नसेल तेव्हा मास्तर जिनिंगमध्ये कामाला जायचे. कापसाचा बारीक धुरळा वर्षानुवर्षं छातीत बसत गेला आणि एक दिवस फुंक पुरेना. डॉक्टरनं वाजवणं बंद केलं. बँडचे शेठ म्हणाले, "मास्तर, पहिल्या लग्नापर्यंत बघतो. नाही जमलं तर कोट धुऊन आणून द्या."

मास्तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

"मिस्तरी, एक मुकं लाकूड द्या."

"मुकं? जात्याचा खुंटा करायचाय का?"

"गिटार करायचीय. विजेची."

गिटार म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डच्या दुकानातून त्यांनी एक चित्र आणलं होतं. त्यात एक माणूस लांबट वाद्य मांडीवर आडवं घेऊन बसला होता. एका हातात लोखंडाचा तुकडा, तो तारांवरून सरकवायचा. मी म्हटलं, "याला पोट कुठाय?"

"पोट नको. पोट असलं तर भोंग्याजवळ किंचाळेल ती. तार चुंबकावर हलणार, वीज ते ऐकणार, भोंगा बोलणार."

"मग लाकडानं काय करायचं?"

"गप्प बसायचं. तेवढंच काम."

जन्मभर बोलकं लाकूड धुंडाळणारा माणूस आज मुकं मागत होता. फुंक गेली तशी अक्कलही गेली की काय, असं वाटलं. पोट नसेल तर आवाज राहणार कुठे, हे मी तेव्हा विचारलं आणि आजही विचारतो. कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

मोडलेल्या तेलघाणीचा चिंचेचा तुकडा माझ्याकडे पडून होता. मास्तरांनी टकटक केली, कान लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! दगड आहे नुसता."

पण ते लाकूड वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. त्याच्यावर पॉलिश बसेना. लाख स्पिरिटात विरघळवून बोळा फिरवला की रात्रीतून फोड यायचे. मास्तर म्हणाले, "राहू द्या, तशीच चालेल." मी ऐकतो काय! धुण्याच्या सोड्यानं घासली, चुन्याचा लेप दिला, उन्हात टाकली, पुन्हा घासली. शेवटी अशी चकाकली की मास्तरांनी तिच्यात बघून मिशी सारखी केली. मुकी असली तरी माझ्या हातची होती.

तिकडे मास्तरांनी घरच्या चरख्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायला घेतली. तार तुटायची, ते पुन्हा सुरू करायचे. त्यांची बायको मला म्हणाली, "भाऊ, लोक सूत कातता, हे तांबं कातता. यांचं लुगडं कोन नेसणार?" ती गुंडाळी जुन्या टेलिफोनातल्या चुंबकावर बसवली, चुंबक लाकडातल्या खाचेत बसवलं आणि खुंट्यांना पितळी तारा ताणल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं आपल्या रेडिओला ती जोडू दिली. मास्तरांनी तार छेडली. रेडिओ नुसता गुणगुणला. हॉटेलवाला म्हणाला, "मास्तर, माशी चांगली वाजवता."

मास्तर तारा नखानं खरवडत बसले. मग एकदम उठले. "पितळ! चुंबक पितळेला ओळखत नाही." तारा काढून पोलादाच्या चढवल्या, आणि रेडिओतून असा सूर निघाला की कपबशा धुणारा थांबला. पितळेत काय वाईट होतं, तेही मला कळलेलं नाही.

पहिलं लग्न धरणगावकडच्या एका खेड्यात होतं. लाकूड माझं, म्हणून मीही गेलो. हातगाडीवर मोटारीची बॅटरी आणि लाउडस्पीकरची पेटी. पुढच्या टोकाला बांबूवर भोंगा. मागे खोक्यावर मास्तर, लाल कोटात, मांडीवर गिटार. शेठ मास्तरांच्या कोटावर नजर ठेवून गाडीच्या बाजूनं चालत होते.

मास्तरांनी सुरुवात केली आणि वरात उसळली. पण बघा गंमत. सगळे भोंग्याकडे तोंड करून नाचायला लागले. मागे कुणी बघेचना. त्या गावात रिवाज असा की पाराजवळ वरात थांबली की ज्याचं वाजवणं आवडलं त्याला वरबाप फेटा बांधतो. वरबाप गुलाबी फेटा घेऊन आला, सरळ भोंग्याकडे गेला आणि भोंग्यालाच फेटा बांधला!

मी ओरडलो, "नाना, वाजवणारा मागे आहे!"

नानांनी मागे वळून मास्तरांकडे पाहिलं आणि भोंग्यावर थाप मारली. "मांगे ते आजारी मानूस बठेल शे. वाजस ते हाऊ!"

लोक हसले, शिट्ट्या झाल्या. माझं डोकं फिरलं. मी मागे धावलो. "मास्तर, हात थांबवा. भोंगा गप्प झाला की कळेल सगळ्यांना."

मास्तर थांबले नाहीत. तोंडावर आलेल्या फेट्याच्या घड्यांमुळे भोंग्याचा कर्कशपणा गेला होता. सूर दबका, ओलसर, श्वास घेत घेत आल्यासारखा येत होता. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "मिस्तरी, राहू द्या तो फेटा. छातीतून येतोय."

शेठ कधी मागे आले ते कळलं नाही. त्यांनी मास्तरांच्या कोटाचं निघालेलं बटण लावलं आणि म्हणाले, "कोट असू द्या अंगावर."

तो हंगाम मास्तर वाजवत राहिले. गाव कुठलंही असो, सुरुवात करण्याआधी तो गुलाबी फेटा स्वतःच्या हातानं भोंग्याला बांधायचे आणि वरात संपली की सोडून बॅटरीवर घडी करून ठेवायचे. स्वतःच्या डोक्याला त्यांनी तो कधी लावून बघितला नाही. मी एकदा रागावलो, तर म्हणाले, "ज्याला दिला त्याचा आहे, मिस्तरी."

पुढच्या हंगामाआधी मास्तर गेले. कोट शेठकडे परतला, बाह्या आखूड करून दुसऱ्याच्या अंगात गेला. त्यांच्या बायकोनं गिटार माझ्याकडे आणून दिली, त्याच फेट्यात गुंडाळून. "भाऊ, लाकूड तुमचं होतं."

ती माझ्या खोलीत खुंटीवर आहे. पॉलिशला अजून फोड नाही. कधीतरी फेटा सोडतो, पेरानं दोनदा टकटक करतो आणि कान लावतो. काही येत नाही. मग फेटा पुन्हा गुंडाळताना तो नाकाशी धरतो, तर त्याला अजून बॅटरीच्या तेजाबाचा वास येतो.