ब्रेकच्या पंपाची पूजा

नवस बोलणं सोपं असतं, हे मला संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर कळलं. आत आमच्या ह्यांच्या हृदयावर बायपास चालली होती आणि बाहेर मी माझ्या माहेरच्या देवीला सांगत होते की यांना पायावर उभं कर, मी यांना तुझ्या दारी घेऊन येईन आणि एक रात्र तुझ्या पायरीशी मुक्काम करीन. देवीनं तिचं काम तीन आठवड्यांत केलं. माझं मात्र वर्ष उलटलं तरी होईना. देऊळ पिंपळगाव राजा या गावाच्या पुढे, शेतात आहे. तिथे धर्मशाळा नाही, एक टिनाचं शेड आहे आणि त्यात बकऱ्यांचा मुक्काम असतो. डॉक्टरांनी धूळ, गारठा आणि दगदग तिन्ही वर्ज्य सांगितलेली. रोज सांजवात लावताना मला देवीच्या तसबिरीकडे बघायची लाज वाटू लागली. मनात यायचं, आपण हे बोललो ते भक्तीनं की नुसत्या भीतीनं? आणि भीतीनं बोललेलं तिच्यापर्यंत पोचतं तरी का?

आमच्या ह्यांच्याकडे याचं उत्तर होतं, आणि ते घरासमोर कडुनिंबाखाली उभं होतं. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात, योगासनं करतात. ह्यांनी एका बंद पडलेल्या सर्कशीच्या मॅनेजरची राहायची गाडी विकत घेतली होती. माझ्या लग्नाच्याही आधीची ती जुनी मिनीबस. आत भिंतीला टेकणारा पलंग, स्टोव्हचा ओटा, हात धुवायचं वाटीएवढं बेसिन, आणि बाहेरून उडालेल्या रंगाचा एक सिंह, ज्याला आता फक्त शेपूट आणि आयाळ उरली होती. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, बुलडाण्यात माझं जरा नाव आहे. पण गाडी आल्यापासून भाजीवालीसुद्धा विचारते, "मॅडम, वाघ कुठं बांधला?"

"देवीच्या दारात गाडी लावू," हे म्हणाले. "पलंग हाय, स्टोव्ह हाय. तुझा मुक्काम होते अन् मले धूळ लागत नाही. आता सांग."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट ब्रेकमध्ये होती. ब्रेक दाबला की पायाला मदत करणारा एक गोल डबा त्या गाडीत आहे, आणि त्या डब्यातली हवा सतत ओढून काढावी लागते. ओढणारा मूळचा पंप इंजिनाला जोडलेला होता, तो झिजून संपला होता आणि तसा पंप आता कुठेच मिळत नव्हता. मदत नसल्यामुळे ब्रेक दगडासारखा कडक. दोन्ही पायांनी, दात-ओठ खाऊन दाबावा लागे. छाती उघडून शिवलेल्या माणसानं दात-ओठ खायचे नसतात. आणि बुलडाण्याहून माझ्या माहेरी जायचं तर राजूर घाट उतरावाच लागतो. "दुसऱ्याची जीप करू," असं मी म्हटलं की हे उठून गाडी पुसायला जात. आजारपणानंतर यांना सगळेजण काचेच्या बरणीसारखं उचलून ठेवत होते, त्यात सगळ्यात पुढे मी. जिन्यावर मी मागून, आंघोळीला दार उघडं, मीठ मोजून, तळण बंद. रात्री दोनदा उठून नाकापुढे बोट धरून श्वास बघत असे. एकदा ह्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "चालू हाय वं. झोप."

शेवटी गफ्फारभाईंनी मार्ग काढला. आमच्या जुन्या स्कूटरपासूनचे मिस्त्री. खामगावच्या भंगारात ठोकलेल्या एका नव्या कारमधून त्यांनी बॅटरीवर चालणारा पंप काढून आणला. टेबलावर ठेवून तार जोडली तशी तो भुंग्यासारखा गुणगुणू लागला. ह्यांनी नळीच्या तोंडावर अंगठा धरला, पंपानं तो असा ओढून धरला की हे लहान मुलासारखे हसले. पुढचे चार दिवस दोघे गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेले. पंप बसवायला जागा मिळाली ती नेमकी माझ्या सीटखाली. डब्यातली हवा पुरेशी निघाली की पंप आपोआप थांबणार, आणि मधल्या नळीत एक छोटी झडप, जी हवा बाहेर जाऊ देते पण परत येऊ देत नाही. गफ्फारभाई म्हणाले, "भाभी, पंप बंद पडला तरी झडपीच्या भरोशावर दोन-तीन ब्रेक नरम लागते. झडप म्हणजे आपला वॉचमन."

माझ्या डोक्यात वेगळाच किडा. ठोकलेल्या गाडीतला भाग आपल्या गाडीत? त्या गाडीतल्या माणसांचं काय झालं कोण जाणे. असली वस्तू पूजा केल्याशिवाय ब्रेकला जोडायची नाही, असं मी बजावलं. निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी गफ्फारभाईंच्या गॅरेजमध्ये ताट घेऊन हजर. गफ्फारभाईंनी आदबीनं चपला काढल्या. नळीचं एक टोक अजून डब्याला जोडायचं होतं आणि पंप तपासायला चालू ठेवलेला. मी हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, "देवी, सांभाळ" म्हणून मूठभर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. त्यातल्या काही माझ्या डोळ्यांदेखत नळीच्या तोंडात गडप झाल्या. आणि मी, जिनं अठ्ठावीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, तिला काय वाटावं? वाटलं, स्वीकारल्या. अंगावर काटा आला, डोळे भरले, मी हात जोडले. कोणाला काही सांगितलं नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असंही वर मनाशी म्हटलं.

नमाजाची वेळ होत होती. गफ्फारभाईंनी घाईनं नळी जोडली, ह्यांनी ब्रेक दाबून पाहिला, लोण्यासारखा नरम. झालं. घरी येऊन सामान भरलं, तेवढा अर्धा-पाऊण तास इंजिन चालूच ठेवलं, कारण ते एकदा बंद झालं की पुन्हा उठायला फार आढेवेढे घेतं. निघालो तेव्हा माझ्या सीटखाली पंप गुणगुणत होता.

"अहो, हे थांबून काऊन नाही राह्यलं? गफ्फारभाई तर म्हणे आपोआप थांबते."

"नवी जागा हाय, जोमात हाय," हे म्हणाले. यांना काही ऐकायचंच नव्हतं. वर्षभरानं स्टिअरिंग हातात आलं होतं.

आणि मीही तक्रार सोडून दिली, कारण सीट गरम होऊ लागली होती. माझी कंबर गेली दहा वर्षं धरलेली. त्या उबेनं ती अशी मोकळी झाली की कोणत्या तेलानं झाली नव्हती. मी डोळे मिटून देवीला म्हटलं, बाई, तुला माझी कंबरसुद्धा आठवली! आता लिहिताना मान खाली जाते, पण तेव्हा मी खरोखर असं म्हटलं.

घाटाच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक लहानसं देऊळ आहे. मी नारळ फोडल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हटलं. "येताना फोडू," हे म्हणाले. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं, तशी गाडी थांबली. इंजिन अर्थात चालूच. नारळ फोडून मी वळले तर गाडीजवळ पन्नाशीचा एक माणूस उभा. डोक्याला उपरणं, खांद्यावर रबरी नळ्यांचं वेटोळं, हातात पत्र्याची पेटी. सिंहाच्या शेपटीला कान लावून उभा होता.

"मॅडम," त्यानं अगदी सरळपणे विचारलं, "आतमंदी म्हैस हाय का?"

मी म्हटलं, "आत माझे मिस्टर आहेत."

"तसं नाही. दूध काढाची मशीन चालू असल्यावानी आवाज येऊन राह्यला. मी तेच रिपेर करतो. मोताळ्याकडं जाऊन राह्यलो होतो, बस हुकली. पन तुमची मशीन लीक हाय."

हे खिडकीतून म्हणाले, "ते ब्रेकचं काम हाय भाऊ. त्यातलं तुम्हाले नाही समजाचं."

"असन. पन हवा ओढनाराच पंप हाय ना? असा न थांबता चालला तं आमच्याकडं म्हशीच्या सडाले लावलेले कप गळून पडते. तुमचं काय गळून पडते ते तुम्ही पाहा." त्यानं दारातून आत हात घालून माझी सीट चाचपली आणि झटकन मागे घेतला. "मॅडम, तुम्ही यावर बसून होत्या?"

मी मान हलवली. कंबरेचं काही बोलले नाही.

"साहेब, फक्त एक करा. मशीन बंद करा अन् ब्रेक दाबा."

ह्यांनी इंजिन बंद केलं, पंप थांबला. पेडलवर पाय ठेवला. पेडल हललं नाही; गफ्फारभाईंचा वॉचमन जागेवर नव्हता. दोन्ही पाय ठेवले, पाठ सीटला रेटली, चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली आणि एक हात आपोआप छातीवर गेला. माझ्या हातातली नारळाची शकलं खाली पडली. पुढे घाट होता. जळत चाललेला तो पंप दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बंद पडला असता, आणि मग हे असेच, असेच दाबत राहिले असते. मी ओरडले, "सोडा! पाय काढा आधी!" आणि तिथेच रस्त्यावर बसून रडायला लागले. पन्नास माणसांसमोर रडले असते तरी मला लाज वाटली नसती.

त्या माणसानं माझ्याकडे न बघता पेटी उघडली. सीट उचलली, पंप निवू दिला, नळीतली झडप सोडवली आणि तळहातावर आपटली. तिच्यातून कुंकवानं लाल झालेले तांदळाचे तीन दाणे पडले. चौथा झडपेच्या पडद्याखाली आडवा अडकून तिला मिटूच देत नव्हता. तो त्यानं चिमट्यानं काढला.

ह्यांनी दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगून टाकलं. अक्षता कशा गेल्या, मला काय वाटलं, मी का गप्प बसले. कंबरेचंही सांगितलं. सांगताना मलाच ऐकवेना. वर्षभर ह्यांचं जे करत होते तेच मी पंपाचंही केलं होतं. इतकं जपलं, इतकं जपलं, की त्याला त्याचं काम करता येईना.

मला वाटलं हे आता चिडतील. हे हसायला लागले. बायपासनंतर हसताना किंवा खोकताना छातीशी उशी धरायला सांगतात, आमच्याकडे ती उशी वर्षभर हाताशी असते. ती पलंगावर पडली होती आणि हे तिच्याशिवाय स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. "स्वीकारल्या म्हणे!" एवढंच पुन्हा पुन्हा. त्या माणसानं मात्र दाणे कपाळाला लावले, उपरण्याच्या टोकाला बांधले आणि झडप फुंकून परत बसवली. पंप चालू केला. दहा-बारा सेकंद गुणगुणला आणि थांबला. ती शांतता मला कोणत्याही घंटेपेक्षा गोड वाटली.

त्याला आम्ही मोताळ्यापर्यंत सोबत घेतलं. घाटात हे एका पायानं, सहज, ब्रेक लावत होते आणि तो मागे पलंगावर बसून माझ्या डब्यातल्या पोळ्या खात होता. मोताळ्याला उतरला, "पंपाले तांदूळ नका घालू," म्हणाला आणि गर्दीत गेला. नाव विचारायचं राहून गेलं. आमच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, तो माणूस नव्हताच, देवीच आली होती. मला ठाऊक नाही. त्यानं सहा पोळ्या खाल्ल्या आणि ठेचा अजून आहे का विचारलं, एवढं मला ठाऊक आहे. बस हुकलेला, हवा ओढणाऱ्या यंत्राची जाण असलेला माणूस त्या दिवशी, त्या घाटाच्या तोंडाशी उभा होता. त्याला तिथे कोणी उभं केलं, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी फक्त हात जोडते.

मुक्काम झाला. सकाळी देवळाच्या पायरीवर बसले होते, तर हे किल्ली हातात घेऊन आले. "चहाले दूध नाही. पिंपळगावातून घेऊन येतो."

माझ्या ओठांवर सगळं आलं. मी पण येते. कोणाला तरी पाठवू. बिनदुधाचा पिऊ. फोन चालू ठेवा. मी म्हटलं, "या."

ह्यांनी वळून मला बरं आहे ना असं बघितलं आणि हे गेले. शेताच्या वाटेनं गाडीचा आवाज लांब लांब जात बंद झाला. फोन माझ्या मांडीवर होता. तो मी पिशवीत टाकला आणि रस्त्याकडे पाठ करून देवीसमोर बसले. तिला म्हटलं, मी मागितलं आणि तू दिलंस. दिल्यानंतर मात्र मी रोज रात्री दोनदा उठून तपासत राहिले, तू खरंच दिलंस ना म्हणून. एवढा अविश्वास कोणी शेजारणीवरही दाखवत नाही. माफ कर. हा माणूस तुझ्याच भरोशावर चालतोय, मी आपली स्वयंपाकाला. तिचा शेंदरी चेहरा जसा होता तसाच होता, पण मला फार हलकं वाटलं. वर्षभरात प्रथमच मी तिचे नुसते आभार मानत बसले होते.

तासाभरानं हे आले. दुधाची पिशवी माझ्या हातात दिली. मिशीला भज्यांचा चुरा लागला होता. मी देवीकडे पाहिलं. तिनंही तो पाहिला असणार. मग मी चहाचं आधण ठेवलं.