चावीच्या पोटातली चावी

नारळाच्या पाण्याचा वास आला की मला आमच्या गाडीची चावी आठवते. शिरगावात नव्या गाडीची पूजा केली, तेव्हा मी नारळाचं पाणी बोनेटवर शिंपडलं आणि तितक्याच भक्तिभावाने ताटातल्या त्या बटणांच्या चावीवरही. दोन दिवसांनी स्टिअरिंगसमोर पिवळं चावीचं चित्र लुकलुकायला लागलं, पण गाडी चालू होत होती म्हणून मी दुर्लक्ष केलं. त्या रविवारी वांगणीच्या शेतावर बाबांना विंचू चावला. त्यांना दरदरून घाम फुटला, दवाखाना गाठायचा होता, आणि चावीची बटणं कितीही दाबली तरी गाडीचं दार काही केल्या उघडेना. रडकुंडीला येऊन मी कॅम्प चारच्या बाजारातल्या, गाड्यांचं सामान विकणाऱ्या सिंधी काकांना फोन लावला. सीटकव्हरं त्यांच्याच दुकानात बसवली होती. "बेटा, टेन्शन नको घेऊ, चावीत पूजेचं पाणी गेलं असणार," सगळं ऐकून ते म्हणाले, "चावीच्या पोटात लोखंडी चावी आहे, ती खेच, दरवाजा खोल. मग ब्रेक दाबून ती बटणांची चावीच स्टार्टच्या बटणाला टेकव और दबा दे." गाडी सुरू झाली, तसे बाबा कण्हतच म्हणाले, "आता रडू नकोस, चालव." हल्ली दसऱ्याला चावी माझ्या पर्समध्येच राहते, आणि पूजेचा पहिला पेढा बाबा स्वतः कॅम्प चारला नेऊन देतात.