आधी तिकीट, मग वेणी

मी बीदरच्या सरकारी बसवर कंडक्टर. पहाटे ड्यूटीला निघायची तेव्हा पोरगी झोपेत, रात्री परतायची तेव्हाही झोपेत. मधे भेट एकच. आठची फेरी आमच्या गावाला, कमठाण्याला आली की सासूबाई तिला दप्तरासकट चढवायच्या आणि बीदरच्या शाळेपर्यंत वीस मिनिटं ती माझी. केस मोकळे, हातात फणी, दोन लाल रिबिनी. सगळ्यांची तिकिटं भराभर काढायची आणि मग माझ्या सीटवर तिच्या वेण्या. खड्डा आला की भांग वाकडा. तिचं तोंड मात्र अखंड चालू: कोण रडलं, कुणाचा डबा सांडला. तेवढ्यावर माझा दिवस मजेत जायचा.

एकदा वाटेत चेकर चढला. आमच्या कर्नाटकात बायकांना बस फुकट असली तरी शून्य रुपयाचं तिकीट काढावंच लागतं. सगळ्या बसला दिलं आणि पोटच्या पोरीलाच विसरले! काय म्हणावं माझ्या डोक्याला!

"हिचं तिकीट कामून न्हाई, बाई?"

मेमोचं, म्हणजे लेखी ठपक्याचं, भ्या नव्हतं. मेमो आला की लांबच्या हैदराबाद गाडीवर टाकतात, त्याचं होतं. म्हणजे ही वीस मिनिटंही गेली.

मागून एक म्हातारी कडाडली, "अण्णा, लेकराची एक वेणी ऱ्हायलीय की! तेवढी तर घालू दे!"

बस हसली. चेकरनं मेमो लिहिलाच.

डेपोत साहेबांनी लेखी जबाब मागितला. मी खरं तेच लिहिलं: मुलीची वेणी घालत होते, विसरले. त्यांनी दोनदा वाचलं. "मंग टाकायचं व्हय तुमाला लांबच्या गाडीवर?"

मी सरळ रडले. लाज कसली त्यात?

"आधी तिकीट, मग वेणी," ते म्हणाले. "पुन्हा विसरलात तर बघा." त्या माणसाला मी अजून दुवा देते.

तेव्हापासून पोरगी चढली की आधी हात पुढं करते. "तिकीट द्या, कंडक्टरबाई!" चावट कुठली.

आता ती नववीत आहे, तरी वेण्या अजून बसमधे माझ्याकडूनच. परवा रजा काढून तिच्या शाळेच्या गॅदरिंगला गेले. तिची मैत्रीण म्हणाली, "काकू, आमच्या समद्यांच्या वेण्या हिनंच घातल्यात. लई झ्याक घालती." मी पोरीकडं बघितलं तर तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी बस कमठाण्याला थांबली. ती चढली, केस मोकळे, हातात फणी. मी तिकीट काढून दिलं आणि फणी घेतली.