नंदाखालच्या बगळ्यांचा पत्ता मीच दिला

मंडळी, नंदाखाल गावाहून थेट सायबर कॅफेत येऊन बसलोय. डोकं चालत नाहीये.

गेल्या रविवारी तिथल्या एका वाडीतल्या बावखलावरचा, म्हणजे छोट्या तळ्यावरचा, बगळ्यांच्या घरट्यांचा फोटो मी या ग्रुपवर टाकला होता. तुम्ही भरभरून कौतुक केलंत. तिघाचौघांनी पत्ता विचारला, तो मी खुशीत सांगितला.

आज सकाळी एव्हरशाईनमधल्या घरून बाइक काढून पुन्हा तिथे गेलो. बावखलाकाठच्या त्या घरट्यांच्या झाडावर एकही बगळा नव्हता. खाली दोन अंडी फुटून पडली होती.

वाडीचे मालक पास्कोलकाका केळीत काम करत होते. म्हणाले, "परवा पाच-सहा जन कॅमेरे घेऊन आले. उडताना फोटू पायजे म्हनून दगड मारले. पाखरं गेली ती आलीच नाय."

"काका, त्यांना पत्ता बहुतेक माझ्याकडूनच मिळाला," मी कसंबसं म्हणालो. वाटलं, आता हाकलतील.

त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझा फोटू हाय ना? मोठा करून आन. माझी बायको अंथरुनाला खिळलीय. खिडकीतनं तीच पाखरं बघायची."

पत्ता मी आत्ताच इथून पुसलाय. फोटो उद्या मोठा करून घेईन. पण तो त्या बाईंच्या हातात कोणत्या तोंडाने देऊ? आणि पुन्हा असं काही दिसलं, तर कॅमेरा काढू की नको? खरंच कळत नाही. तुम्ही काय केलं असतंत?